कापडावरील अबरी : गोडादऱ्यात साहित्य जुळवताना

दाट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब तरंगत ठेवून, ते काडीने अथवा फणीने ओढून त्यांची नक्षी साधायची आणि तिच्यावर कापड अलगद टेकवून ती जशीच्या तशी उचलून घ्यायची, या पद्धतीला आज सर्वत्र मार्बलिंग म्हटले जात असले, तरी कागदावरील तिचे जुने रूप दख्खनला अबरी या नावाने परिचित होते. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात अबरीच्या कागदाचा वापर करून काढलेली चित्रे आजही जगातील संग्रहालयांत जपलेली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, हाडे निघालेल्या तट्टावर बसलेल्या तपस्व्याचे चित्र त्यांपैकी विशेष परिचित आहे. जपानमध्ये शाईच्या तरंगत्या वलयांची अशीच कला बाराव्या शतकापासून आढळते आणि तुर्कस्तानातील एब्रू या कलेचा समावेश युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हा सारा इतिहास मुख्यतः कागदाचा आहे. पाण्यात मिसळणारे पण वाळल्यावर पाण्याने न सुटणारे ॲक्रिलिक रंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र मिळू लागले आणि त्यानंतर घरच्या घरी धुण्याजोग्या कापडावर ही नक्षी उतरवणे सोपे झाले.

या कामाला लागणाऱ्या वस्तूंची यादी फार लांब नाही. कापड, तुरटी, पाणी दाट करणारी एखादी भुकटी, रंग, परात किंवा ट्रे आणि हाताशी असलेली काही किरकोळ अवजारे एवढ्यावर काम भागते. मात्र यांतील प्रत्येक वस्तूची निवड दुसरीवर अवलंबून असते, आणि नवशिका बहुधा रंगांच्या बाटल्यांपासून खरेदी सुरू करतो, म्हणजे साखळीच्या शेवटच्याच कडीला हात घालतो. योग्य क्रम कापडापासून सुरू होतो: कापडाचा तंतू कोणता यावर तुरटी धरेल की नाही हे ठरते, तुरटीवर दाट पाण्याची निवड ठरते, आणि पाण्याच्या दाटपणावर रंग किती पातळ करायचा हे ठरते. हा क्रम कोठेही लागू असला, तरी सुरतेत, आणि त्यातही गोडादऱ्यासारख्या उपनगरात, तो पाळण्याला विशेष कारण आहे.

गोडादरा हे सुरतेच्या आग्नेय भागातील उपनगर पर्वत पाटिया, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजाराने वाढले असून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडधंद्याच्या ओढीने आलेल्या मराठी कुटुंबांची या पट्ट्यात मोठी वस्ती आहे. येथील घरांना कापड नवे नाही. साडीला लेस लावणे, टिकल्या चिकटवणे, धागे कापणे, खाटलीवर, म्हणजे चार दांड्यांच्या लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर, भरतकाम करणे अशी मजुरीची कामे घरोघरी चालतात, आणि कटपीस व चिंध्या यांची तर वानवाच नसते. अडचण अशी की सुरतेचा कापडधंदा प्रामुख्याने कृत्रिम धाग्याचा आहे. येथे हाताशी येणारे बहुतेक कापड पॉलिस्टरचे असते आणि पॉलिस्टर हा तंतू पाणी शोषत नाही, तुरटीला घट्ट बिलगू देत नाही, त्यामुळे त्यावर उतरलेली नक्षी पहिल्या धुण्यात पुसट होण्याचा धोका राहतो. बाजारात नावापुढे ‘सिल्क’ लावलेल्या कितीतरी साड्या पॉलिस्टरच्याच असतात. शिवाय शिफॉन, जॉर्जेट, क्रेप आणि साटीन ही नावे विणीची किंवा पोताची आहेत, तंतूची नव्हेत, त्यामुळे त्याच नावाचे कापड रेशमाचेही असू शकते आणि पॉलिस्टरचेही. ज्या शहरात पावलोपावली कापड मिळते, त्याच शहरात योग्य कापडाची खात्री करून घेणे सर्वांत कठीण जाते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील पुष्कळ निराशा टळते.

खात्रीचा जुना आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे धागा जाळून पाहणे. कापडाच्या काठाजवळून एक धागा ताण्याचा, म्हणजे लांबीच्या दिशेचा, आणि एक बाण्याचा, म्हणजे आडवा, असे दोन धागे वेगवेगळे उसवावेत. दोन्ही दिशांना वेगळा तंतू वापरलेली कापडे सुरतेत विपुल असल्याने एकाच धाग्याच्या परीक्षेवर विसंबणे योग्य नव्हे. थोडे पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर धागा चिमट्यात धरावा आणि पेटती काडी त्याच्या टोकाजवळ हळूहळू न्यावी. सुताचा धागा ज्योतीपासून मागे न सरता लगेच पेट घेतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे फुंकरीने उडणारी मऊ करडी राख राहते. रेयॉन किंवा व्हिस्कोसही जवळजवळ तसेच जळते, कारण तेही मूळचे वनस्पतीचे सेल्युलोजच असते. अस्सल रेशीम सावकाश, कुरकुरत जळते, केस जळाल्याचा वास देते आणि टोकाशी चिमटीत सहज चुरडली जाणारी काळी गाठ धरते. पॉलिस्टर मात्र ज्योत जवळ येताच आक्रसून वितळू लागते, काळपट धूर सोडते आणि थंड झाल्यावर त्याच्या टोकाशी नखाने न फुटणारा कडक मणी उरतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो, म्हणून ही परीक्षा लहान मुलांच्या हाती देऊ नये आणि चिमट्याऐवजी बोटे वापरू नयेत. दुकानात काडी पेटवणे शक्य नसते. तेथे कापडाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडून तो पसरतो की मोत्यासारखा उभा राहतो एवढे पाहता येते, परंतु खळ दिलेले सुती कापडही थेंब काही काळ तोलून धरते, त्यामुळे अंतिम निर्णय जळत्या धाग्यावरच सोपवावा.

सुरुवातीसाठी पांढरी मलमल, कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन यांपैकी कोणतेही सुती कापड पुरेसे असते. विणीने गुळगुळीत कापडावर रेषा स्पष्ट उतरते. मांजरपाट किंवा खादीसारख्या खरबरीत पोतावर ती तुटक दिसते, ज्याला स्वतःचे एक सौंदर्य असले तरी पहिल्या प्रयत्नात तो दोष कापडाचा की रंगाचा हे कळेनासे होते. रेशमावरची नक्षी सर्वांत झळाळते, पण ते महाग असल्याने हात बसल्यावर घ्यावे. एक मीटर लांब व साधारण ९० सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडातून ३५ सेंटीमीटरचे चार चौकोनी रुमाल आणि चाचणीसाठी भरपूर पट्ट्या निघतात. कापड ज्या आकारात लागणार त्या आकारात आधी कापून, कडा दुमडून शिवून घेणे बरे, कारण मोकळ्या कडेचे धागे दाट पाण्यात सुटून पृष्ठभागावर तरंगतात आणि पुढच्या प्रत्येक नक्षीत केसासारखी पांढरी रेघ उमटवतात.

नव्या कापडावर गिरणीची खळ, विणकामातील मेण किंवा तेल आणि कधीकधी सुरकुत्या न पडण्यासाठी दिलेला लेप असतो. तो निघाला नाही तर तुरटी तंतूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कापड गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून चांगले धुवावे, भरपूर पाण्याने खळबळावे आणि कपडे मऊ व सुवासिक करणारे द्रव शेवटच्या पाण्यात घालण्याचा मोह टाळावा, कारण ते तंतूवर पुन्हा एक पातळ थर चढवते. रेशमाला सोडा सोसत नाही. त्यासाठी सौम्य शॅम्पू आणि कोमट पाणी पुरते.

यानंतरची वस्तू तुरटी. रंग तंतूला धरून राहावा म्हणून मध्ये जे द्रव्य घातले जाते त्याला रंगबंधक म्हणतात आणि अबरीत हे काम तुरटीतील ॲल्युमिनियम करते: त्याचे धनभारित आयन तंतूवर बसतात आणि रंगातील ऋणभारित कणांना ओढून धरतात. सुरतेच्या किराणा दुकानात ती फटकडी या नावाने मागावी लागते. दाढीनंतर लावण्याचा पारदर्शक खडा म्हणजे पोटॅश तुरटी. ती कुटून वापरता येते, मात्र रंगाच्या वा रसायनांच्या दुकानात मिळणारी भुकटी मोजायला सोपी जाते. पाणी निवळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पिवळसर, ओबडधोबड लाद्यांपासून दूर राहावे, कारण त्यांत लोहाचा अंश असतो आणि लोहामुळे पांढरे कापड मळकट दिसते व रंग मंदावतात. एका लिटर कोमट पाण्यात सुमारे १५ ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवून त्यात कापड १५ ते २० मिनिटे सर्व बाजूंनी भिजेल असे बुडवावे, हलके पिळावे आणि न खळबळता दोरीवर सरळ ताणून वाळवावे. घडी पडलेल्या जागी तुरटी गोळा होते आणि तेथे नक्षीत गडद पट्टा उमटतो, ही बाब किरकोळ वाटली तरी नवशिक्यांच्या अपयशाचे ते एक नेहमीचे कारण आहे. वाळलेल्या कापडावर मध्यम तापाची इस्त्री फिरवून ते तागा गुंडाळण्याच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवले की सुरकुती पडत नाही. अशा रिकाम्या नळ्या कापडाच्या दुकानातून सहसा फुकट मिळतात. तुरटी आम्लधर्मी असल्याने ती मुरलेले सुती कापड आठवडेच्या आठवडे तसेच ठेवल्यास कमकुवत होते, तेव्हा दोन-चार दिवसांत वापरता येईल एवढेच कापड एका वेळी तयार करावे. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेत कापड सुकायला दिवस लागतो आणि ओलसर कापडावर रंग फिका उतरतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात तुरटीचे काम उघडिपीचा दिवस पाहूनच हाती घ्यावे.

आता या साऱ्या खटाटोपाचा गाभा असलेल्या दाट पाण्याकडे वळता येते, आणि खर्च व विचार जेथे सर्वाधिक करावा अशी जागा हीच आहे. साध्या पाण्यावर टाकलेला रंग एकतर बुडतो किंवा विखरून जातो. पाणी पातळ ताकाइतके दाट केले की रंग वर राहतो आणि काडीने ओढलेली रेषा ओढल्या जागी थांबते. यासाठी जगभर सर्वाधिक पसंती कॅराजीनानला मिळते. ही तांबड्या समुद्रशैवालापासून काढलेली भुकटी असून खाद्यपदार्थ दाट करण्यासाठीही ती वापरली जाते. तिचे कप्पा, आयोटा आणि लॅम्ब्डा असे तीन मुख्य प्रकार आहेत आणि ते एकमेकांऐवजी चालत नाहीत. कप्पा प्रकार थंड झाल्यावर जेलीसारखा गोठतो आणि पोटॅशियमच्या सान्निध्यात तर अधिकच घट्ट होतो. पोटॅश तुरटीत पोटॅशियम असतेच. लॅम्ब्डा गोठत नाही, केवळ पाणी दाट करतो. भारताच्या किनाऱ्यावर, विशेषतः तमिळनाडूत, ज्या कप्पाफायकस शैवालाची शेती होते आणि जिच्या तंत्राचा विकास गुजरातेतच, भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेत झाला, त्या शैवालातून प्रामुख्याने कप्पा मिळतो, म्हणून देशी बाजारात नुसते ‘कॅराजीनान’ मागितले तर तोच हाती पडण्याचा संभव अधिक. विक्रेत्याकडे लॅम्ब्डा किंवा मार्बलिंगसाठीचा प्रकार स्पष्ट शब्दांत मागावा आणि पाकिटावर तसे लिहिलेले नसल्यास खरेदी थांबवावी.

कॅराजीनानचे प्रमाण लिटरला साधारण पाच ग्रॅम धरून चालावे. ५० सेंटीमीटर लांब व ४० सेंटीमीटर रुंद ट्रेमध्ये तीन सेंटीमीटर खोलीचे पाणी ठेवायचे तर सहा लिटर लागते, म्हणजे भुकटी ३० ग्रॅम. हाच हिशेब ओढणीसाठी केला, तर २४० बाय १०० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये केवळ अडीच सेंटीमीटर खोली धरूनही ६० लिटर पाणी आणि ३०० ग्रॅम भुकटी लागते. पहिला प्रयत्न रुमालावर करण्याचा सल्ला का दिला जातो हे या दोन आकड्यांवरून उमगते. भुकटी एकदम ओतली तर तिच्या गुठळ्या होतात, ज्यांचे पोट कोरडेच राहते, म्हणून थोड्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरत हँड ब्लेंडरने घुसळावी आणि मग उरलेले पाणी मिसळावे. घुसळताना शिरलेले हवेचे बुडबुडे निघून जाण्यासाठी मिश्रण किमान १२ तास झाकून ठेवावे लागते, अर्थात ते आदल्या रात्रीच करावे. उन्हाळ्यात ते दोन-तीन दिवसांत पातळ होऊन आंबूस वास मारू लागते; फ्रिजमध्ये ठेवल्यास थोडे अधिक टिकते, पण वापरण्याआधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, कारण थंड पाण्यावर रंग नीट पसरत नाही.

पाणी कोणते, हा प्रश्न येथे भुकटीइतकाच महत्त्वाचा आहे. बोअरिंगच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार दाटपणा बिघडवतात आणि रंगाला कणीदार कडा आणतात. घरातील आरओ यंत्राचे किंवा बाहेरून आणलेल्या वीस लिटरच्या जारचे शुद्ध केलेले पाणी या कामास योग्य ठरते. रंग पातळ करण्यासाठीही तेच वापरावे.

कॅराजीनान मिळाले नाही तर मिथाइल सेल्युलोज हा दुसरा भरवशाचा पर्याय आहे. त्याचा स्वभाव उलटा: ते गरम पाण्यात विरघळत नाही, पण गरम पाण्यात त्याचे कण एकमेकांपासून सुटे होतात आणि नंतर गार पाणी घालून ढवळत राहिले की मिश्रण थंड होता होता दाट होते. ते लवकर नासत नाही, हा गरम हवेच्या शहरात मोठाच गुण; मात्र बारीक फणीच्या नक्षीची धार त्यावर किंचित बोथट उतरते. सीएमसी या नावाने ओळखले जाणारे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज सुरतेत सुताला खळ देण्यासाठी वापरले जात असल्याने रसायनांच्या दुकानांत सहज मिळते आणि त्यावर अबरी साधतेही, परंतु कारखानी दर्जाच्या भुकटीत मिठाचा अंश बराच असतो, तेव्हा शुद्ध केलेला दर्जा मागावा. छपाई कारखान्यांत रंग दाट करण्यासाठी लागणारे सोडियम अल्जिनेट स्वस्त आणि सुलभ असले तरी नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये, असेच म्हणावे लागेल: कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियमचा संपर्क होताच अल्जिनेट गोठू लागते आणि तुरटीचे कापड तर ॲल्युमिनियम घेऊनच त्यावर टेकते.

ज्यांना रसायनांच्या दुकानाची पायरी चढायचीच नाही, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात जुनी वाट आहे. जुन्या कारागिरांनी डिंक, मेथी, इसबगोल आणि जवस यांच्या बुळबुळीतपणावर अबरीचे काम केले आहे. मेथीदाणे रात्रभर भिजवून, मंद आचेवर उकळून, दाणे न चुरगळता सुती फडक्यातून गाळले की दाट, पिवळसर पाणी मिळते. इसबगोलाच्या भुशीचेही तसेच, आणि इसबगोलाची मोठी बाजारपेठ असलेले उंझा गुजरातेतच असल्याने त्याची टंचाई नाही. या पाण्याचा दाटपणा दाण्यांच्या जातीनुसार आणि जुनेपणानुसार बदलतो, त्यामुळे एका लहान वाडग्यात करून पाहिल्याखेरीज ट्रे भरू नये. मेथीच्या पाण्याचा वास घरभर राहतो, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

रंगांबाबत सुरतेतील दुकानदार पहिल्यांदा जे पुढे करील ते बहुधा उपयोगी नसते. गिरण्यांच्या रंगाची भुकटी, मग ती कितीही गडद आणि स्वस्त असो, पाण्यात विरघळते किंवा विखुरते आणि पृष्ठभागावर वेगळी तरंगत नाही. शिवाय तिची धूळ श्वासावाटे आत जाणे अपायकारक असल्याने ती राहत्या घरात उघडूच नये. छपाईची पिगमेंट पेस्ट तरंगू शकते, परंतु तिच्यासोबतचा बाइंडर, म्हणजे रंगकण तंतूला चिकटवणारे द्रव्य, पक्का होण्यासाठी सुमारे १५० अंश तापमान काही मिनिटे एकसारखे द्यावे लागते, जे घरच्या इस्त्रीने भरवशाने साधत नाही. याउलट फेविक्रिल किंवा कॅमल यांसारखे, शाळेच्या साहित्याच्या दुकानात लहान बाटल्यांत मिळणारे, कापडावर चित्रे काढण्याचे ॲक्रिलिक रंग या कामाला नेमके जुळतात. चकाकीचे, मोतिया आणि धातूच्या छटांचे रंग, तसेच उठावाच्या रेषा काढण्याच्या नळ्या प्रारंभी घेऊ नयेत, कारण त्यांतील कण जड असून ते तळाला जातात. निळा, लाल, पिवळा, काळा आणि पांढरा एवढे पाच रंग बराच काळ पुरतात, मात्र त्यांतील पांढरा थोडा बुडणारा असतो.

बाटलीतील रंग सायीसारखा घट्ट असतो आणि तसाच टाकला तर गोळ्यासारखा खाली जातो. समभाग शुद्ध पाणी मिसळून त्याला दुधाइतका पातळ करावा, वस्त्रगाळ करावा आणि दाट पाण्यावर एक थेंब सोडून पाहावा. थेंब पसरून आठ-दहा सेंटीमीटरचे वर्तुळ झाले तर रंग तयार आहे. बुडाला तर आणखी पाणी, आणि पाणी घालूनही पसरत नसेल तर पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची आवळून धरण्याची ओढ, कमी करणारे द्रव्य लागते. परंपरेने त्यासाठी बैलाचे पित्त वापरीत. आज वाटीभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब मिसळून त्यातले थेंबथेंब पाणी रंगात घालून तेच काम होते. येथे हात आखडता असावा, कारण साबण अधिक झाला की तो रंग बाकीच्या सर्व रंगांना कडेला ढकलतो आणि पृष्ठभाग स्वच्छ केल्याशिवाय दुसरा थेंबही बसत नाही. नंतर टाकल्या जाणाऱ्या रंगाला आधीच्या रंगांच्या दाटीत जागा करून घ्यायची असल्याने त्यात हे द्रव्य किंचित जास्त लागते, म्हणून प्रत्येक बाटलीवर टाकण्याचा क्रमांक लिहून ठेवावा.

अवजारांवर पैसे खर्च करण्याची गरज जवळजवळ नाही. ट्रे कापडापेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा, सुमारे सहा सेंटीमीटर खोल आणि शक्यतो आतून पांढरा असावा म्हणजे रंग खरे दिसतात. मोठ्या मापासाठी खाटलीच्या निकामी दांड्या किंवा पॅकिंगच्या पट्ट्या जोडून चौकट करावी, सपाट फरशीवर ठेवावी आणि आत जाड प्लास्टिकचा अखंड कागद सुरकुत्या काढून अंथरावा. ट्रे तयार होतो आणि काम झाल्यावर भिंतीला टेकवून ठेवता येतो. फणीसाठी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये दात कोरण्याच्या काड्या किंवा टाचण्या समान अंतरावर चिकटवाव्यात. रंग शिंपडायला केरसुणीच्या मूठभर काड्या दोऱ्याने बांधल्या की पाश्चात्त्य कारागीर वापरतात तशी झारणी होते, आणि थेंब टाकायला औषधांचे ड्रॉपर किंवा सुई नसलेल्या सिरिंज चालतात. याशिवाय वर्तमानपत्राच्या रद्दीचे ट्रेच्या रुंदीएवढे पट्टे भरपूर कापून ठेवावेत. प्रत्येक नक्षीच्या आधी आणि नंतर पृष्ठभागावरून असा पट्टा ओढला की उरलेला रंग, धूळ आणि साय निघून जाते. ब्लेंडर, चमचे, गाळणी यांपैकी जी वस्तू एकदा या कामाला लागली ती पुन्हा स्वयंपाकात वापरू नये, आणि म्हणूनच चांगल्या मिक्सरला या उद्योगापासून दूर ठेवावे.

जागेची तयारीही साहित्यातच मोजावी. छताचा पंखा चालू असेल तर पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या पडतात आणि रंगाची साय धरते, तेव्हा उकाडा सोसून पंखा बंद ठेवण्याला इलाज नाही. सकाळची वेळ त्यामुळेच सोयीची. जवळपास माग किंवा भरतकामाची यंत्रे चालत असतील, तर हवेतील तंतूंची लव ट्रेवर येऊन बसते आणि खिडकीला ओले फडके लावणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. रुमाल टेकवताना दोघांनी समोरासमोरची टोके धरून मधोमध आधी खाली सोडावा आणि मग कडा टेकवाव्यात, म्हणजे हवा आत अडकत नाही. हवा अडकलेल्या जागी कापड पांढरे राहते. कापड उचलल्यानंतर दाट पाण्याचा बुळबुळीतपणा काढण्यासाठी त्याच्यावर बादलीतून साधे पाणी हलकेच ओतावे, न चोळता वाळवावे, दिवसभर तसेच राहू द्यावे आणि मग उलट्या बाजूने सुताला सोसेल इतक्या तापाची इस्त्री काही मिनिटे फिरवावी.

काम संपल्यावर उरलेले दाट पाणी मोरीत एकदम ओतल्यास ते नळीत साचते, त्यामुळे ते भरपूर पाण्याने पातळ करून थोडे थोडे सोडावे. रंगाचा गाळ मात्र त्याच्यासोबत जाऊ देऊ नये: तो रात्रभर बसू द्यावा, वरचे पाणी काढून घ्यावे आणि तळाचा गाळ रद्दीवर वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा. उरलेले तुरटीचे पाणी झाकून, त्यावर नाव लिहून ठेवले तर पुढच्या खेपेच्या कापडासाठी पुन्हा चालते. पातळ केलेले रंग घट्ट झाकणाच्या बाटल्यांत काही आठवडे टिकतात, पण प्रत्येक वेळी ते नव्या दाट पाण्यावर एका थेंबाने पारखून घ्यावे लागतात.